तीन करंडक आणि रिंगखालची मुलगी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या प्राचार्या, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, संचालक मंडळाचे सन्माननीय सदस्य, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, आजी-माजी खेळाडू आणि हजेरी लागणार म्हणून नाइलाजानं आलेले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

खेळाचा शिक्षक म्हणून एकतीस वर्षं मी शिट्टीनं बोललो, आज निवृत्त होतोय. माईक हातात आला की माझी गाळण उडते, तेव्हा सांभाळून घ्या.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. 'सलग तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल करंडक आणणारे द्रष्टे मार्गदर्शक.' मजकूर ग्रंथपालबाईंचा. बॉलच्या आवाजाबद्दल त्यांनी माझ्याविरुद्ध सात अर्ज दिले होते. भाषा त्यांची तेव्हापासूनच उत्तम. पण बाई, त्या 'द्रष्टे' शब्दावर आज मला बोलू द्या.

ते करंडक एका मुलीमुळे आले. या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मुली तिला शिडी म्हणायच्या, कारण बाकीच्या तिच्या खांद्याला लागायच्या. गंमत म्हणजे ही नववीपर्यंत वर्गात सगळ्यांत बुटकी. त्यामुळे शाळेत बॉल टप्पे देत पळवायला शिकली, दोन्ही हातांनी, मान वर ठेवून. मग दोन वर्षांत ताडमाड वाढली. एवढी उंची आणि बॉलवर असा ताबा, दोन्ही एकत्र किती जणींकडे असतात? मी तरी दुसरी पाहिली नाही.

आणि मी काय केलं? पहिल्याच दिवशी तिला रिंगखाली उभं केलं. ती म्हणायची, "सर, थोडा वेळ बॉल मी आणू का पुढे?" मी म्हणायचो, "पळायला चौघी आहेत. तू हात वर करून थांब." ती थांबायची. चौघी एकमेकींत खेळायच्या, हसायच्या, भांडायच्या. ही टोकाला एकटी, हात वर करून. बॉल आला की गुण. करंडक आला. पुढच्या वर्षी दुसरा.

तिसऱ्या वर्षी वरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी होती. मीच घेऊन गेलो. तिथे तिच्याहून उंच सहा जणी. निवड करणाऱ्या बाई म्हणाल्या, "रिंगखाली आमच्याकडे आहेत. तू बॉल घेऊन ये पुढे." तिसऱ्या टप्प्याला बॉल तिच्याच पायाला लागून रेषेबाहेर गेला. पुन्हा दिला, पुन्हा तेच.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "सर, मला आधी येत होतं ना हो?"

मी म्हणालो, "येईल परत." आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा रिंगखाली उभं केलं. अंतिम सामना तीन आठवड्यांवर होता ना! तो तिसरा करंडक. त्यानंतर ती कोर्टवर आली नाही.

चांगला खेळाडू मध्येच का थांबतो, असं लोक विचारतात. आपण म्हणतो, मेहनत कमी पडली, लक्ष उडालं. स्टाफरूममध्ये मला विचारलं तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवता म्हणालो, "डोक्यात हवा गेली तिच्या." सगळ्यांनी मान डोलावली. इथे बसलेल्यांपैकी काहींना आठवत असेल. ते खोटं होतं.

गेल्या आठवड्यात तिला फोन केला. समारंभाला ये म्हणालो. म्हणाली, "नको सर. टीव्हीवर मॅच लागली तरी मी चॅनेल बदलते." मी म्हणालो, चूक माझी होती. तिनं विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?"

मी खरं सांगितलं. हो, बसमध्येच कळलं होतं.

"बरं," म्हणाली. "ठेवते."

आमची ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. आठ दिवस तो 'बरं' ऐकत बसलोय. राग असता तर बरं वाटलं असतं. फार एकटं वाटतं, हे म्हणायला मला आज लाज नाही.

माझ्या जागी येणाऱ्या मॅडम पहिल्या रांगेत आहेत. मॅडम, यंदाच्या संघात एक उंच मुलगी आहे. तिला बॉल आणू द्या. चार सामने हराल. प्राचार्या रागावतील; त्यांना माझं नाव सांगा.

आपण वेळात वेळ काढून आलात, गोड बोललात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. दुसऱ्या चुकीची क्षमा मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. तुम्ही ती लगेच देऊन टाकाल, आणि ती द्यायचा हक्क जिला आहे, ती आज आलेली नाही.

नमस्कार.