बावीस वर्षांचे कागद

नेड्रा : वर्गात राहिलेला स्वेटर आणून दिलास, आभारी आहे. आता नीघ.

व्हर्लिन : बाई, पाच मिनिटं द्या.

नेड्रा : काल पिस्तुलाच्या वर्गात तुझ्या हातात तीन तास होते. नऊ माणसांदेखत मला काय म्हणालास? "आजी, तुमचा नेम लागेपर्यंत चोर काय दारात ताटकळत उभा राहणार आहे?" अख्खं गाव मला बाई म्हणतं. तू आजी म्हणालास. सगळे हसले. मीही हसले, त्याचीच जास्त लाज वाटते.

व्हर्लिन : ते मी दर वर्गात म्हणतो. हसली की माणसं जरा सैल पडतात.

नेड्रा : सैल तू पडतोस. तुझ्या दोन्ही पोरांना पहिलीत मी अक्षरं शिकवली. धाकटा वर्षभर उलटी अक्षरं काढायचा. एकदा तरी त्याच्यावर वर्गाला हसवलं मी?

व्हर्लिन : नाही.

नेड्रा : मग?

व्हर्लिन : शेरीफच्या हाताखाली पोलिसात एकोणीस वर्षं काढली, बाई. मला बंदूक शिकवली ती अशीच. कानाशी बोंबलून. मी तेच पुढं वाढत आलो.

नेड्रा : शिळं.

व्हर्लिन : शिळं तर शिळं. पण तुम्ही काही हसण्यापायी उठून गेला नाहीत. मी आठवून पाहिलं. पिस्तूल खाली ठेवलंत, तेसुद्धा नीट, तोंड निशाण्याकडे करून. कानावरचं आवाजाचं झाकण काढलंत आणि सरळ गाडीत जाऊन बसलात. त्याच्या आधी मी तुमचं कोपर धरलं होतं. मागून.

नेड्रा : हे कधी कळलं तुला?

व्हर्लिन : काल दुपारी. वर्ग सुटल्यावर तुमचा कागद वाचला.

नेड्रा : कुठला कागद?

व्हर्लिन : सकाळी भरून घेतो ना, तो. नाव, फोन, वय, दुखणंखुपणं, आणि खाली 'शिकायला का आलात?' लोक एक ओळ खरडतात. 'घर सांभाळायला.' 'नवऱ्यानं पाठवलं.' तुम्ही अर्धं पान लिहिलंत.

नेड्रा : मला वाटलं, वाचायचं असतं म्हणून विचारतात.

व्हर्लिन : विमा कंपनी मागते म्हणून घेतो. खोक्यात टाकतो.

नेड्रा : म्हणजे मी समोर उभी होते, तेव्हा मार्चमध्ये माझ्या घरात माणूस शिरला होता हे तुला ठाऊकच नव्हतं.

व्हर्लिन : नव्हतं, बाई.

नेड्रा : इथंच, या मोरीशी भांडी विसळत होते. त्यानं मागून येऊन हेच कोपर धरलं. मला कोठीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून खुर्ची लावली. चाळीस मिनिटं घरभर उचकपाचक करत होता, आणि मी आत मक्याच्या पिठाच्या डब्याला टेकून उभी. हॉबर्ट, माझा नवरा, गेला तेव्हासुद्धा एवढी एकटी नव्हते मी. सगळं लिहिलं होतं रे. म्हणून वर्गात वाटलं, या माणसाला आता माहीत आहे. मार्चपासून मी कुणाकडे पाठ करून उभी राहत नाही. काल तुझ्याकडे राहिले.



व्हर्लिन : चुकलो, बाई.

नेड्रा : हं. बस. थंड चहा आहे, पण त्यात घालायला बर्फ संपलाय.

व्हर्लिन : चालेल. एक विचारू? हात न लावता शिकवायचं कसं? माणूस चुकीचं धरतो, मी नीट करतो. तोंडानं सांगून किती सांगणार?

नेड्रा : ही सुई घे.

व्हर्लिन : मी?

नेड्रा : त्या गोधडीच्या कडेला टाके घाल. बारीक हवेत, आणि खालच्या थरातून वर आले पाहिजेत.

व्हर्लिन : माझी बोटं बघा. कणसं आहेत नुसती.

नेड्रा : घाल म्हटलं ना! लवकर. अरे, अशी धरतात सुई? थंडी काय तुझी गोधडी पुरी होईपर्यंत डोंगरापलीकडे थांबणार आहे? जोर लाव! अहो बघा हो, एवढा मोठा गडी...

व्हर्लिन : थांबा, थांबा जरा. आई गं!

नेड्रा : पांढऱ्या कापडाला रक्त लावू नकोस. काय वाटलं?

व्हर्लिन : सुई तुमच्या अंगावर फेकावीशी वाटली.

नेड्रा : आणि टाक्याचं काय शिकलास?

व्हर्लिन : टाक्याचं? काही नाही.

नेड्रा : आता माझ्याकडे बघ. मी सावकाश घालते. खालचं बोट सुईला भेटायला येतं, दिसलं? कर. घाई नाही. तुझं मनगट उंच राहतंय. मी हात लावू का?

व्हर्लिन : ...लावा.

नेड्रा : 'नको' म्हणाला असतास तर पुन्हा माझ्याच हातानं दाखवलं असतं. दहा वेळा दाखवलं असतं. चौतीस वर्षं दुसरं काय केलं मी?

व्हर्लिन : बावीस वर्षं वर्ग घेतोय, मी एकदाही विचारलं नाही. एकदाही.

नेड्रा : टाका वाकडा आलाय. असू दे, उसवत नाही मी.

व्हर्लिन : बाई, गाडीत माझं निळं प्लास्टिकचं पिस्तूल आहे, सरावाचं. गोळी जातच नाही त्यात. आणू का? नको असेल तर नको म्हणा.

नेड्रा : आण.

व्हर्लिन : हे बघा. मी इथं डावीकडे बसतो, तुम्हाला दिसेन असा. खोटं असलं तरी तोंड भिंतीकडेच. आधी मी धरतो. अंगठे असे, एकावर एक. बोट बाहेर. आता तुम्ही.

नेड्रा : हात थरथरतोय माझा.

व्हर्लिन : थरथरू द्या. पहिल्या गोळीला माझाही थरथरतो. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. नेमाचं आज नाव नाही. उचलायचं, धरायचं, खाली ठेवायचं. बस्स.

नेड्रा : असं?

व्हर्लिन : अस्सं. कोपर जरा आत घ्या. मी हात लावू का?

नेड्रा : नको.

व्हर्लिन : बरं. मग माझ्या कोपराकडे बघा. इथून इतकं आत. हां. झालं की!

नेड्रा : झालं.

व्हर्लिन : आणखी एक सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, धंद्याला मारक आहे. तुम्हाला पिस्तूल हवंच असं काही नाही. आधी मागच्या दाराला दणकट कडी, कोठीलाही आतून एक, आणि फोन सतत अंगावर. तेवढं मी मंगळवारी येऊन करून देतो. मग ठरवा.

नेड्रा : आणि तरी मला शिकायचं असलं तर?

व्हर्लिन : तर तुम्हाला एकटीला शिकवीन. नऊ माणसांत नाही.

नेड्रा : व्हर्लिन, चहाला तोंडही लावलेलं नाहीस. आणखी काय आहे पोटात?

व्हर्लिन : तुमचा कागद वाचला आणि मग ते खोकंच खाली काढलं. एकेक वाचत बसलो. आज चर्चलाही गेलो नाही. त्यात चौदा वर्षांपूर्वीचा एक कागद आहे. ट्वायला कूम्स. तिनं लिहिलंय, 'मी इथं येते हे माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका. घरी फोन करू नका.'

नेड्रा : आणि तू केलास.

व्हर्लिन : वर्ग दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी ती चष्मा विसरून गेली. म्हटलं, उद्या नेम कसा धरणार बिचारी, म्हणून कागदावरचा नंबर बघून फोन लावला, खालचं वाचलंच नाही. पुरुषानं उचलला. मी सांगितलं, पिस्तुलाच्या वर्गातून बोलतोय. तो म्हणाला, "बरं झालं कळवलंत." अगदी गोड आवाजात, बाई. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला वाटलं, कंटाळली असेल. वर्गाला तसं सांगून हशाही घेतला.

नेड्रा : कोल्बीची आई.

व्हर्लिन : कोण?

नेड्रा : कोल्बी कूम्स. माझ्या वर्गात होता त्या वर्षी, नोव्हेंबरपर्यंत.

व्हर्लिन : बाई, ती...

नेड्रा : आहे. जिवंत आहे, श्वास घे. एका दुपारी ती वर्गाच्या दारात आली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पोराचं जाकीट. मी काही विचारलं नाही, त्याचा डबा तेवढा भरून दिला. तशीच बहिणीकडे गेली, ओहायोत, डेटनला. दर नाताळला कार्ड येतं. पोरगा ट्रक दुरुस्त करतो आता.

व्हर्लिन : तिचा हात माझ्यामुळं मोडला.

नेड्रा : हात त्यानं मोडला. फोन तू केलास. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

व्हर्लिन : पत्ता द्या. उद्या सकाळीच निघतो.

नेड्रा : नाही.

व्हर्लिन : मग पत्र टाकतो.

नेड्रा : तेही नाही. इथल्या कुणा पुरुषाचं पत्र तिच्या दारात पडायला नको. मी लिहिते. तू काय केलंस आणि काल काय वाचलंस, ते कळवते. तुझं ऐकायचंय का, एवढं विचारते.

व्हर्लिन : आणि नाही म्हणाली तर?

नेड्रा : तर नाही.

व्हर्लिन : बरं. ...बाई?

नेड्रा : काय रे?

व्हर्लिन : नाही म्हणाली, तरी तिचा हात आता नीट चालतो का, एवढं विचाराल?