कपाट उचलण्याआधी

नाही नाही, ती वायर राहू द्या मामा, वायरला हात लावू नका, आणि कपाटही लगेच उचलू नका — आधी बसा. लिफ्ट बंद, जिना चढून आलात, दम लागला असेल. जोडीदार बसलाय ना खाली गाडीत? मग बसू दे की. त्याला कुठे पळायचंय, आणि कपाटाला तरी कुठे पळायचंय? बाईंनी, म्हणजे माझ्या बायकोने, तुम्हाला काय सांगून पाठवलंय ते मला माहीत आहे. “आधी ह्यांना विचारा, ते काढलं का म्हणून. 'काढलं' म्हणाले तर रिकाम्या हाताने परत या, फेरीचं मी बघते, आणि मग मीच घरी जाते. 'नाही' म्हणाले तर कपाट उचलून माझ्या बहिणीकडे आणा.” असंच ना? बघा. एवढ्या वर्षांचा संसार, आणि निरोप कोणाबरोबर, तर सामान हलवणाऱ्या माणसाबरोबर — तुम्हाला उद्देशून नाही म्हणत हो, तुम्ही आपले तुमचं काम करताय. पण काय काढायचं, ते सांगितलं का तिने तुम्हाला? नाही ना? मग ते कोणी सांगायचं? मीच सांगतो. पूर्ण ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

मी लेखक आहे. दारावर पाटी आहे, वाचली असेल — 'स्वतंत्र लेखक'. स्वतंत्र म्हणजे काय, तर ज्याला प्रकाशक नाही तो. नाही म्हणजे मिळाला नाही असं नव्हे — हां, मिळाला नाही हे खरं, पण मी तरी कुठे फार मागे लागलो? सगळ्यांकडे जाऊन आलो, एवढंच. एकाने तर माझं बाड हातात घेऊन नुसतं तोललं. उघडलं नाही, तोललं, कलिंगड तोलतात तसं, आणि म्हणाला, कागद फार महाग झालाय हो. म्हटलं, ठीक आहे, कागदच नको. आता कोणाचं कोणावाचून अडत नाही मामा. घरी बसून टाइप करायचं, साइटवर चढवायचं, मुखपृष्ठ आपलं आपण करायचं — मी एक वाळकं झाड घातलंय, मागे सूर्य — झालं ई-बुक. 'मौनाचे उत्खनन'. नाव भारदस्त आहे ना? मोबाइलवर उघडलं की अर्धी जोडाक्षरं फुटून चौकोन दिसायचे, ते सोडा, पण एका वाचकाने कळवलं की चौकोनांमुळे मजकूर जास्त गूढ वाटतो. माझ्या साडूने तर दोनदा विकत घेतलं. चुकून घेतलं, पण घेतलं. मग कळलं की लोक आता वाचतच नाहीत, ऐकतात. भांडी घासताना ऐकतात, फिरायला जाताना ऐकतात. म्हटलं, आपला आवाज काय वाईट आहे? पाणीपट्टीच्या कचेरीत होतो तेव्हा परिपत्रकं मीच मोठ्याने वाचून दाखवायचो. साहेब हात जोडून म्हणायचे, पुरे.

पण रेकॉर्डिंग म्हणजे तोंडाचा खेळ नाही — आता तोंडाचाच आहे म्हणा, पण त्याला शांतता लागते. फ्रिज घुमतो ते त्यात येतं, पंखा घरघरतो ते येतं, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली की आपल्या नायकाच्या मृत्यूत ती खुर्ची येते. स्वतःच्या पोटातलं गुरगुरणंसुद्धा येतं, म्हणून आधी केळं खाऊन बसायचं. स्टुडिओ परवडतो कोणाला? मग काय, कपाट. हसू नका, सगळे हेच करतात, या घटकेला जगभर लेखक कपाटात बसलेले असतील. लटकवलेले कपडे आवाज गिळतात. आणि हे कपाट तर — दार वाजवून बघा त्याचं. तसं नाही, बोटाच्या पेराने. ऐकलंत? माझ्या सासऱ्यांनी स्वतः केलंय, सुतार होते ते, लेकीच्या लग्नासाठी केलं, एक खिळा सापडणार नाही त्यात. तिचे कपडे एका बाजूला सारले, खाली उशी टाकली, अंगावर रजई, दांडीला माइक टांगला, आणि कोपऱ्यात रेकॉर्डर. त्याची बॅटरी मेलीय, वायरवरच चालतो, म्हणून ती वायर दाराच्या फटीतून बाहेर आलीय. दार लावून घेतलं की मी आणि साहित्य. बाहेर फ्रिज बंद, पंखा बंद, मिक्सर बंद, आणि ही चवड्यांवर चालायची. कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. म्हणजे, माझ्यापाशी केली नाही.

एकेक प्रकरण वाचून झालं की साइटवर चढवायचो. तर त्या साइटवर एक आलेख असतो. ऐकणारा कुठे कंटाळून सोडून गेला ते त्यात दिसतं. कागदाच्या पुस्तकात ही भानगड नव्हती, कोण कितव्या पानावर झोपला ते लेखकाला कळायचंच नाही आणि तो सुखाने पुढचं पुस्तक लिहायचा. माझा आलेख दुसऱ्याच प्रकरणात धाडकन खाली. तिथे नायिका खिडकीत उभी राहून नदीकडे बघते, प्रकरणभर बघते — फार खोल आहे ते. पुढे सगळी सामसूम. आणि एकाएकी नवव्याच्या शेवटी आलेख उभा! लोक मधलं सगळं सोडून थेट तिथे येत होते आणि परत परत ऐकत होते. खाली अभिप्रायांवर अभिप्राय, पाच तारे, पाच तारे — 'बायकोचं पात्र लाजवाब', 'हा आवाज कोणाचा?' मी चक्रावलो. नवव्या प्रकरणात बायको नाहीच. मग पहिल्यांदा लावून ऐकलं. काय? आधी का नाही ऐकलं? हो, चढवण्याआधी आपण एकदा शेवटपर्यंत ऐकायचं असतं, तसा दंडकच आहे. पण एवढं सगळं ऐकत कोण बसणार मामा? मला गोष्ट माहीत होती.

झालं होतं असं, की प्रकरण वाचून संपलं आणि रजईच्या उबेत माझा डोळा लागला, रेकॉर्डर तसाच चालू. बाहेर ही बहिणीशी फोनवर बोलतेय. मला पाठ झालंय आता — 'हे कपाटात आहेत. नाही गं, भांडण कसलं, कादंबरी वाचतायत. फ्रिज बंद आहे, दूध नासलं. अगं, त्यातली ती बाई कधीची खिडकीत उभी आहे, तिला घरात कोणी जेवायला हाक मारत नाही का?' बस, एवढंच. लोक फिदा. एका जाणकाराने लिहिलं, लेखकाने स्वतःचीच टिंगल करण्याचं दुर्मीळ धाडस दाखवलंय. आता मी काय करायचं होतं? काढून टाकायचं? अहो, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझं काहीतरी शेवटपर्यंत ऐकत होतं. मग दहाव्या प्रकरणाच्या शेवटीही रेकॉर्डर चालू राहिला — विसरून. अकराव्यालाही विसरलो. पुढेपुढे तर मी वाचन लवकर आटपायचो आणि विसरून बसून राहायचो.

चौदावं मात्र तिला फार लागलं. ते सासरे गेल्यानंतरचं. बहिणीला सांगत होती, बाबांची आठवण आली की मी कपाटाचं दार उघडून नुसती उभी राहायचे, त्या लाकडाचा वास घ्यायला. आता दार उघडलं की आतून हे 'श्शू' करतात. असं म्हणाली आणि रडली. फार नाही, तोंडावर हात धरून, हळू. मी आतच होतो. बाहेर यायला हवं होतं, कळतं हो मला, मी काय दगड आहे? पण बाहेर आलो असतो तर दाराची करकर त्यात आली असती. ते प्रकरण सगळ्यात जास्त ऐकलं गेलं. तिला कळलं कसं, तर ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, तिथली शेजारची बाई डबा खाताना ऐकत बसली होती. तिने एक इअरफोन काढून हिच्या कानात घातला — ऐक गं, ही बाई डिट्टो तुझ्यासारखी बोलते. आणि हिने चार माणसांत बसून, हातात घास, स्वतःचं रडणं ऐकलं. घरी आली ती भांडली नाही. 'ते सगळं काढा', एवढंच म्हणाली. मी म्हटलं, काढतो. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली. मी म्हटलं, काढतोच आहे, साइट हळू चालतेय. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. बॅग भरली आणि गेली.

का नाही काढलं? सोपं आहे हो विचारणं. एक बटण दाबायचंय, मलाही ठाऊक आहे. पण ते काढलं तर मागे उरतं काय मामा? माझी कादंबरी उरते. नुसती.

पण मला ती परत हवी आहे, हे खोटं नाही सांगत. इतकी शांतता आहे आता घरात, पाहिजे तेवढं रेकॉर्ड करावं, पण आत जाऊन बसलो की शब्द फुटत नाही. फ्रिज दिवसभर चालूच ठेवतो, तेवढीच सोबत. परवा दूध आणलं, चांगलं राहिलं, आणि मला रडूच आलं, सांगतो काय. म्हणून म्हणतो, तुम्ही एवढं करा — खाली जा, फोन लावा, सांगा काढलं म्हणून. ती आली की काढतो. आधी येऊ दे, मग लगेच काढतो, तिच्यासमोर काढतो. दाखवू? आत्ता, मोबाइलवर? मला ना, त्याचा पासवर्ड... बरं, बरं, असू दे, तुम्हाला पटत नसेल तर करा कपाट रिकामं. उशी इकडे टाका. रजई जपून, तिच्यामागे माइक आहे — सावकाश.

तो? तो लाल दिवा होय. तो... असाच असतो. म्हणजे वीज आहे असं दाखवतो. नाही, लुकलुकत नाहीये, आता तुम्ही म्हणताय तर — हो, रेकॉर्डिंग चालू आहे. अहो, बेल वाजली तेव्हा मी आतच होतो, घाईत राहिला. विसरलो. तुमचं नाव कुठे येणार नाही, शब्द देतो, आणि तुम्ही तर फारसं बोललातच नाहीत, एक-दोन प्रश्न विचारलेत आणि दोनदा सुस्कारे सोडलेत, ते मात्र फार सुंदर आलेत, चौदाव्यानंतर लोकांना असंच काहीतरी — फोन कोणाला लावताय? मामा, फोन ठेवा. नाही, 'चालू आहे' असं नका सांगू तिला, मला द्या, मी बोलतो, मी समजावतो — काय म्हणाली? काहीच नाही? काहीतरी म्हणाली असेल. नुसतं ऐकून घेतलं? रडली का? नाही. ठेवला फोन. बरं. मग उचला, उचला आता, काय बघताय माझ्याकडे, तुमचंही काम खोळंबलंय. फक्त एक मिनिट, आधी मला ते सेव्ह करू द्या, वायर ओढू नका, वायर काढली की सगळं —