बांबूतली कोंबडी

साधना : डोळे चोळू नका, आई. हात खाली घ्या. मी पाणी टाकून राह्यली ना.

गुणाबाई : आग होऊन राह्यली, पोरी. उजव्या डोयात निखारा ठेवल्यावानी.

साधना : निखारा नाई गेला. रस्सा उडाला, थोडी राख उडाली. लालसू भाऊ, जीप खड्ड्यात जरा हळू घ्या ना, बाटली हिंदकळते.

लालसू : हळू घेतली तर आलापल्लीच्या दवाखान्यात पोचायले तास लागते, वहिनी. तुम्ही पाणी टाकत राहा. सीटखाली भरलेली कॅन आहे.

गुणाबाई : कुठी आलो आपण?

साधना : नाला ओलांडला आत्ताच.

गुणाबाई : मले काईच दिसून नाई राह्यलं.

साधना : डोळे मिटले आहेत ना तुम्ही, म्हणून.

गुणाबाई : डावा उघडला होता मी. नुसतं लाल दिसलं.

साधना : उघडू नका म्हटलं ना, आई.

गुणाबाई : तुहा आवाज काऊन कापते?

साधना : नाई. जीप हलते.

लालसू : लोकेशचा फोन लागला?

साधना : तीनदा केला. जंगलात गस्तीवर गेले म्हणजे संध्याकाळपर्यंत नेटवर्क नाई. त्यायले काय सांगू मी? तुमच्या आईच्या तोंडावर बांबू फुटला म्हणून?

लालसू : पण फुटला कसा? आम्ही रानात गेलो की बांबूतच शिजवतो. मी लहानपणापासून पाहून राह्यलो, कधी फुटला नाई.

साधना : मोबाईलवर पाह्यलं तसंच केलं, भाऊ. हिरवा बांबू आणला, कोंबडी मसाल्यात मुरवली, आत भरली, तोंडाले पळसाचं पान लावलं अन् विस्तवावर ठेवला.

लालसू : पान सैल होतं?

साधना : सैलच होतं.

लालसू : मग नाई फुटत. वाफेले वाट असली तर बांबू फुटतच नाई.

साधना : दोन पेरं घेतली होती मी. मधली गाठ नीट फोडायची राह्यली असेल. माझंच चुकलं. रोजच्यासारखं वरण-भात केला असता तर काय झालं असतं?

गुणाबाई : कोणासाठी मांडलं होतं एवढं?

साधना : तुमच्यासाठी. बाबा गेले तेव्हापासून चार महिने झाले, तुम्ही भात अन् मीठ खाऊन राह्यल्या. तुम्हीच म्हटलं होतं ना, बाबा बांबूतोडीवर असताना तुम्हाले बांबूतली कोंबडी खाऊ घालत.

गुणाबाई : तो शिजवे, मी खावो. कसं करे, ते कधी पाह्यलंच नाई मी. पाणी टाक, पोरी. थांबू नको.

साधना : टाकून राह्यली.

गुणाबाई : माही सासू आंधयी होती, साधना. तुले कोणी सांगतलं नसंन.

साधना : नाई.

गुणाबाई : मी तिच्यापुढं ताट सरकवो अन् बाजूले होवो. भात कुठी, भाजी कुठी, एवढं तोंडानं सांगाचं, तेबी नाई सांगतलं कधी. ती बोटं फिरवून पाहे. मी चुलीजवून पाहत बसो. बारा वर्सं.

साधना : आता ते कशाले आठवता?

गुणाबाई : मले भेव लागते, पोरी.

लालसू : मावशी, धीर धरा. आलापल्लीच्या लाकूड डेपोचा रस्ता लागला. पाच मिनटं.

गुणाबाई : तू सांगशीन का मले? भात कुठी हाये, भाजी कुठी हाये?

साधना : सांगीन. पण तशी वेळ नाई येणार.

गुणाबाई : तुले काय ठाऊक?

साधना : नाई ठाऊक, आई. मलेपण भेव लागते.

गुणाबाई : मंग ऐक. गाठ-बीठ तुही काई चुकली नाई. तू कोथिंबीर आणाले आत गेली ना, तवा रस्सा उतू जाऊन राह्यला होता. सारा विस्तवात पडे. मी म्हणलं, पोरगी सकायपासून खपून राह्यली, वाया जाईन. मी बांबूच्या तोंडात ओल्या मातीचा गोया कोंबला अन् वरून लाकडाची खुटी ठोकली.

लालसू : खुटी ठोकली?

गुणाबाई : दगडानं. चांगली घट्ट. अन् मंग पाहाले वाकली.

साधना : मघापासून काऊन नाई सांगतलं?

गुणाबाई : तू रागावशीन म्हणून. डोये गेले अन् तूबी रागावली, तर मी कोणाच्या भरोशावर राहू?

साधना : मान बाजूले वळवा, आई. पाणी नाकात जाईल.

(दोन तासांनी, दवाखान्याच्या व्हरांड्यात. गुणाबाईच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. डावा अजून मिटलेला.)

लालसू : काय म्हणाले डॉक्टर?

साधना : डावा वाचला. त्यात फक्त राख गेली होती. उजव्याचं बुबुळ भाजलं आहे. उद्या सकाळी चंद्रपूरले डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं.

लालसू : तो वाचेल?

साधना : आत्ताच नाई सांगता येत म्हणाले. रस्ताभर पाणी टाकलं म्हणून एवढं तरी निभावलं.

लालसू : मी सकाळी सहाले जीप घेऊन येतो. लोकेशचं काय?

साधना : आत्ता लागला फोन. येऊन राह्यले. काय झालं ते अजून नाई सांगतलं मी.

गुणाबाई : त्याले मी सांगीन. खुटी म्या ठोकली. डावा उघडू का आता?

साधना : उघडा म्हणाले. हळू. एकदम उजेडाकडे नका पाहू, माझ्याकडे पाहा. दिसते?

गुणाबाई : धुरकट हाये. तुही टिकली दिसते. लालसू दिसते.

साधना : रडू नका, आई. पट्टी ओली होईल.

गुणाबाई : ओढणी काऊन गुंडायली हाताले?

साधना : अशीच.

गुणाबाई : सोड.

साधना : काही नाई तिथं.

गुणाबाई : सोड म्हणते ना. कोपरापर्यंत फोड आले, साधना. कधी भाजली?

साधना : तुम्हाले ओढलं तेव्हा. कोळसे पडले होते.

गुणाबाई : अन् याच हातानं पाणी टाकत होती?

साधना : दुसऱ्या हातानं तुमचं डोकं धरलं होतं.

गुणाबाई : लालसू, आत जा, बाबा. सिस्टरले म्हण, आमच्या घरचं अजून एक माणूस बाहेर बसून हाये.