अकरावं मिनिट

—नाही हो धनराजभाऊ, व्हिडिओ बघून कुणाचा खांदा जातो का! बसा ना, उभे का? नांदगावहून एसटीनं आलात, वर ही शेंगांची पिशवी — कशाला आणायची? आता बघा, व्हिडिओ म्हणजे काय, टेनिसचे फोटो सरकतात अन् मागे माझा आवाज, एवढंच. गेल्या दिवाळीत मीच बनवला, मीच नेटवर टाकला. म्हटलं, ज्या गावात कोर्ट नाही तिथल्या पोरांनी सायबर कॅफेत बसून शिकावं. चांगलंच केलं ना? चांगलंच केलं. आता तुमच्या मोहिनीनं जरा जपून — किती? गोडाउनच्या भिंतीवर रोज दोनशे सर्व्हिस? अहो, चौदा वर्षांची पोर! कुणी सांगितलं तिला —

हां. सर थांब म्हणाले नाहीत, म्हणून नाही थांबली. वहीत उतरवून घेतलंय म्हणता, माझा शब्दन्‌शब्द.

इथं कोर्टवर ना, माझी सवयच आहे — वीस झाल्या की ओरडतो, ‘पुरे! रॅकेट खाली!’ पोरं नक्कल करतात माझी. व्हिडिओतही होतं ते. होतं हो, शपथ! खांद्याचा फोटो, वीसच मारा, मग विश्रांती — अख्खं एक मिनिट. पण ती साइट दहा मिनिटांच्या वर घेईना अन् माझी झाली अकरा. मग कापलं. तेच कापलं. दुसरं काही नव्हतं कापायला? — होतं. सुरुवातीला माझी ओळख आहे बघा, चौऱ्याण्णवची जिल्हा स्पर्धा, हातात कप — सव्वा मिनिट आहे ते. ते नाही कापवलं मला. लाज वाटते हो. बायकोलासुद्धा बोललो नाही हे, अन् तुम्हाला सांगून बसलो.

शिव्या घाला मला. — काय? पुढचा धडा? पुढचा धडा न्यायला आलात तुम्ही? अहो, डॉक्टरांनी हात गळ्यात बांधलाय अन् ती — डाव्या हातानं? आत्ता, भिंतीवर? फोन लावा घरी. लावा म्हणतो ना! बोलवा तिला.

हॅलो — मोहिनी? आवाज ओळखलास? हां, तोच मी. ऐक पोरी. पुरे. रॅकेट खाली ठेव — नाही, अजून दहा नाही, एकही नाही. माझं सांगायचं राहिलं होतं. पुरे गं बाई.

धरा तुमचा फोन, धनराजभाऊ. आणि ती पिशवी उचला आधी. चला, एसटी जाईल तुमची.