जुळ्यांची चिठ्ठी

शाळाप्रवेशासाठी चिठ्ठ्या काढायची अक्कल ज्याला सुचली, त्याच्या घरी जुळी मुलं नसणार. मी स्वतः त्या पद्धतीच्या बाजूचा, कारण तिच्यात वशिला चालत नाही. म्हणून शेजारच्या वासुदेवरावांबरोबर महाल भागातल्या शाळेत मोठ्या उत्साहाने गेलो. त्यांच्या हुबेहूब जुळ्यांपैकी विनोदची चिठ्ठी निघाली, प्रमोदची राहिली.

वासुदेवराव हेडमास्तरांना म्हणाले, "एकाले घेता अन् एकाले नाही, हे कसं? दोघांची परीक्षा घ्या ना."

"एवढ्या लहान मुलांची परीक्षा आता नाही. यंदापासून पहिलीत मार्कही नाहीत. सगळेच पास."

"सगळेच पास, तर माझा प्रमोद दारातच काहून नापास झाला?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदवीधर, सकाळपासून समतेवर बोलत होतो, आता भिंतीवरची प्रवेशाची यादी वाचू लागलो.

दोन्ही पोरांचे हात धरून उभी असलेली त्यांची आत्या हळूच भावाला म्हणाली, "दादा, काहून वाद घालून राहिला गा? एक दिवस विनोदले पाठव, एक दिवस प्रमोदले. मास्तरले ओळखू येत नाही, अन् नापास तर कोणीच होत नाही."