आजोबांना जुनी स्क्रीन

लिफ्टसाठी माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“ताई, ॲम्ब्युलन्स बोलवायच्या ॲपची नवी स्क्रीन किचकट आहे. चाचणीला आलेल्या एका आजोबांचे हात थरथरत होते, म्हणून त्यांना जुनीच दिली.”

“आणि नवी?”

“तरण्याताठ्यांना. त्यांना पटापट जमली.”

“म्हणजे नवी पास. आता तीच सगळ्यांच्या फोनवर जाणार. तुझ्या बाबांच्याही.”

“बाबांना तर जमणारच नाही ती.”

“कुणाला कोणती, हे नाणं उडवून ठरवायचं होतं ना गं?”

“दया आली, ताई.”

“कळतं गं. चाचणी पहिल्यापासून घेऊ.”

“पुन्हा तसेच आजोबा आले आणि नाण्याने नवी दिली तर?”

“तर नवीच द्यायची. चुकू द्यायचं त्यांना. आपण शेजारी बसायचं, हात मात्र लावायचा नाही.”

लिफ्ट आली. दोघी चाचणीसाठी माघारी फिरल्या; मी एकटाच आत गेलो.