चेअरमनची फाइल आणि बापूचा सत्कार

कॉम्प्युटरवाला घरी येऊन बसला असेल ना, तर फोनवर कुणाशी भांडू नका. मी भांडलो. दौंडचा बापू माझा कॉम्प्युटर फॉरमॅट करून नवी विंडोज टाकत होता. आमच्या गावच्या शेतकरी सोसायटीच्या चेअरमननं खतात माती कालवून विकली, त्याचे फोटो आणि सगळी बातमी त्यातल्याच डी ड्राइव्हमध्ये होती. तेवढ्यात पुण्याहून संपादकांचा फोन.

"चेअरमनचं नाव छापायचं का? जरा सांभाळून घ्या."

माझं डोकंच फिरलं. नेमकं तेव्हाच बापूनं मागून विचारलं, "साहेब, डी ड्राइव्हमधलं ठेवू का उडवू?" मला ते ऐकूच आलं नाही. मी फोनमध्ये गरजलो, "घाबरता काय? सगळं उडवून द्या!"

फोन ठेवला, तर बापू म्हणाला, "उडवलं."

"अरे गाढवा, मी संपादकांशी बोलत होतो!"

"मला काय म्हाईत? माझ्यावर बी तुमी असंच वरडता की!"

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बाजारभर झाली. संध्याकाळी खुद्द चेअरमनचा फोन, आवाजात साखर.

"पत्रकारसाहेब, रविवारी सोसायटीत बापूचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, समदं हाय. बातमी तेवढी तुमीच लावा."